वाळूची बंडी

आमच्या घरात वजन वाढलं म्हणून कुणाचं कौतुक झालं असेल, तर ते एकट्या माझ्या नणंदेचं. बाकीच्यांच्या ताटाकडे बघून मी टोमणे मारते. वन्संना मात्र दुसऱ्यांदा वाढायची, नको म्हटलं तरी वाढायची. त्यात माया होती, पण खोटं कशाला बोलू, थोडा मतलबही होता. वन्सं पोटभर जेवल्या की आमचा खड्डा चांगला दबायचा.

खड्डा म्हणजे मुरघासाचा. गोठ्याच्या मागे, दोन बाजूंना सिमेंटच्या भिंती आणि पुढून आत जायला उतार. हत्ती गवत माणसाच्या डोक्यावर गेलं की त्याच्या दांड्यांचं लाकूड व्हायच्या आत ते कापायचं, दिवसभर उन्हात मलूल होऊ द्यायचं, मग कुट्टी मशीनमधून बारीक करून खड्ड्यात थरावर थर घालायचे. प्रत्येक थरावर पाण्यात कालवलेली उसाची मळी शिंपडायची, कारण या गवतात अंगचा गोडवा कमी आणि गोडव्याशिवाय ते नीट आंबत नाही. वरून प्लास्टिक, त्यावर जुने टायर. महिना-दीड महिन्याने उघडलं की आंबटगोड वासाचा चारा तयार. बाहेर हिरवं पान दिसत नसतं तेव्हा आमच्या गाई तो मिटक्या मारत खातात.

हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ते तुडवणं. गवतात हवा राहिली की बुरशी आली, आणि बुरशी आली की सगळी मेहनत उकिरड्यावर. आता तुडवणार कोण? माझा नवरा काडीपैलवान. तो गवतावरून चालला तर गवताला पत्ताही लागत नाही. मीही तशीच, माझं सगळं वजन जिभेत आहे असं तो म्हणतो. पहिल्या वर्षी आम्ही दोघं दिवसभर त्या खड्ड्यात नाचलो आणि उघडलं तेव्हा वरचा हातभर थर बुरशीने पांढरा झालेला. दुसऱ्या वर्षी वन्सं सहज म्हणून आल्या होत्या. "बघू रे, काय चाललंय तुझं," म्हणत पाय धुऊन आत उतरल्या, आणि त्यांनी पाऊल टाकलं तिथे गवत गपकन खाली बसलं. माझ्या नवऱ्याने आनंदाने टाळीच वाजवली. तेव्हापासून दरवर्षी विळ्याला धार लावायच्या आधी वन्संना फोन जायला लागला.

वन्सं ह्यांची थोरली बहीण. शहरात एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे त्या शिवणकाम करतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बोटीवर नोकरीला. घरात त्या आणि त्यांचं मशीन. हाताला इतकं वळण की त्यांनी घातलेली शिवण कापड फाटलं तरी उसवत नाही. आणि स्वभाव असा की फुकटचं कुणाच्या दारात बसणार नाहीत. सुट्टीत या म्हटलं की "गिऱ्हाईक खोळंबलंय." मी आजारी आहे, या म्हटलं की येऊन स्वयंपाक करून, भांडी घासून, संध्याकाळच्या गाडीने परत. मुरघासाला मात्र हक्काने दोन दिवस यायच्या. मला मिरची म्हणायच्या, भावाला बाळ्या म्हणायच्या. बाळ्याचे केस पांढरे झाले तरी बाळ्याच.

एक गोष्ट मला कधी समजली नव्हती. आमच्या शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर आहे. बोलायला लागला की थांबत नाही म्हणून त्याला सगळे इंजिन म्हणतात. हा इंजिन दरवर्षी कुंपणावर येऊन सांगायचा, "अहो, अर्ध्या तासात दाबून देतो. माणसं कशाला दमवता?" आणि दरवर्षी माझा नवरा त्याला नवं कारण द्यायचा. टायरला माती असते. डिझेल गळेल. भिंत खचेल. मी म्हणायचे, टायर धुता येतात, भिंत सिमेंटची आहे. तो हूं म्हणून गोठ्यात निघून जायचा. हट्टी माणसाशी संसार करते आहे, असं समजून मी गप्प बसायची, म्हणजे माझ्या मानाने गप्प.

या वर्षी वन्सं गाडीतून उतरल्या आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चेहरा ओढलेला, मानेची हाडं वर आलेली, मनगटावर घड्याळ फिरतंय. कमरेचा आणि पोटाचा घेर मात्र जसाच्या तसा. वर त्या उकाड्यात जाड, ढगळ झगा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"वन्सं, बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या, तर धप्प असा आवाज झाला. दरवर्षी मी त्यांना मिठी मारते. या वर्षी मी पुढे झाले तशा त्या मागे सरकल्या. "घामेजलेय गं," म्हणाल्या. चहा बिनसाखरेचा मागितला. जेवायला वाढलं तर दुसऱ्यांदा हात आडवा केला. मला राग आला. माझ्या हातच्या जेवणाला नाव ठेवलेलं मला खपत नाही आणि नाव न ठेवता नाकारलेलं तर त्याहून नाही. पण गवत कापून पडलं होतं, मशीन भाड्याने आणून ठेवलेलं होतं, तेव्हा रुसायलाही सवड नव्हती.

सकाळी कामाला लागलो. ह्यांनी मूठभर कुट्टी घट्ट दाबून उघडली. पाणी सुटलं नाही आणि गोळा हळूहळू फुलला. "झकास," म्हणाले. हे मशीनवर, मी झारीने मळी शिंपडतेय आणि लोखंडी दातांच्या पंजाने गवत पसरतेय, वन्सं तुडवतायत. आमच्या खड्ड्याचा एकच कडक नियम आहे: पाय स्वच्छ धुतल्याशिवाय आत यायचं नाही. मातीचा कण जरी आत गेला तरी चारा आंबायच्या ऐवजी सडायला बघतो, असं हे सांगतात, आणि पायाच्या नखांपर्यंत तपासतात.

चारपाच थर झाले असतील. वन्सं भिंतीच्या कडेकडेने येरझारा घालत होत्या, दरवेळी थोड्या अधिक धापा टाकत. मी म्हटलं, "बसा जरा." त्या म्हणाल्या, "तू शिंपड." मी पंजा घेऊन त्यांच्या मागे गेले तर हिरव्या गवतावर एक फिकट रेघ दिसली. वन्सं जातील तिथे रेघ जात होती. वाकून बोटाने उचललं. वाळू.

"वन्सं, थांबा! हलू नका!"

त्या थांबल्या. त्यांच्या झग्याच्या खालून वाळूची बारीक धार गळत होती. मी ओरडल्यामुळे ह्यांनी मशीन बंद केलं आणि धावत आले.

"खड्ड्यात वाळू?" हे एवढंच म्हणाले. मी पुढे झाले आणि काही विचारायच्या आत झग्याची वरची बटणं सोडली. आत एक बंडी होती. जाड कापडाची, आडव्या ओळींनी शिवलेली, आणि प्रत्येक ओळीत वाळू भरलेली. शिवण एकदम नेटकी, नुसती बघत राहावी अशी. फक्त खालची एक ओळ कापडाच्या जुन्या घडीवर कुरतडल्यासारखी फाटली होती.

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "हा काय वेडेपणा? गाईंना वाळू खाऊ घालणार आहात?"

वन्संनी माझ्याकडे बघितलंच नाही. भावाकडे बघून म्हणाल्या, "शुगर निघाली रे मला. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. रोज सकाळी चालले, गोड सोडलं. उतरलं. परवा त्यांनी पाठ थोपटली, म्हणाले, शाब्बास."

"मग चांगलंच झालं की," हे म्हणाले.

"काय चांगलं झालं?" त्यांचा आवाज एकदम फुटला. "घरी येऊन रडले मी. गवत तुडवायला आता मी काय उपयोगाची? वजन गेलं म्हणजे माहेर गेलं माझं."

एवढ्या मोठ्या बाईला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यांचा नवरा गेला तेव्हाही त्यांनीच आम्हाला सावरलं होतं. आता त्या गवतात पाय रोवून, अंगात वाळू घालून, लहान मुलीसारख्या हुंदके देत होत्या. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

"म्हणजे आम्ही तुम्हाला गवतासाठी बोलावतो?" मी म्हटलं.

"मग कशासाठी गं? फोन येतो तेव्हा बाळ्या काय म्हणतो? ताई, गवत आलंय. कधी म्हणाला, ताई, नुसती ये? कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी. मला वाईट नाही वाटत. काम आहे म्हणून का होईना, बोलावणं येतं ना. तेवढं राहावं म्हणून शिवली ही बंडी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. बोला ना काहीतरी, असं डोळ्यांनी सांगितलं. बोलणं हा ह्यांचा प्रांत नाही. त्यांनी हातातला गवताचा चुरा झटकला, पुन्हा झटकला, मग खाली बघत म्हणाले, "इंजिन दरवर्षी ट्रॅक्टर देतो म्हणतो."

"काय?"

"अर्ध्या तासाचं काम आहे ट्रॅक्टरला. मीच नको म्हणतो."

"का?" वन्संनी विचारलं.

"ट्रॅक्टर आला असता तर तू कशाला आली असतीस?"

मशीन बंद होतं, त्यामुळे ते वाक्य आम्हा तिघांना नीट ऐकू आलं. एवढी वर्षं हा माणूस टायरची माती, डिझेल, भिंत अशा सबबी सांगत होता, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते. बहिणीला नुसती ये म्हटलं तर ती येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने आपल्या गवताला तिची गरज ठेवली होती. आणि ती बया ती गरज भागवायला अंगाला वाळू बांधून आली होती. दोघांनाही फटके द्यावेत की दोघांनाही जवळ घ्यावं हे मला कळेना. शेवटी मी वन्संना जवळ घेतलं. मिठीत आधी वाळूच लागली.

"काढा ते आधी," मी म्हटलं, "आणि रडणं पुरे. गवत तापायला लागलंय."

ते खरंच होतं. कुट्टी केलेलं गवत कुणाच्या हुंदक्यांसाठी थांबत नाही. ढीग करून ठेवलं की आतून गरम होतं. वन्संनी खड्ड्याबाहेर जाऊन बंडी उतरवली. ह्यांनी आणि मी वाळू पडलेला सगळा थर पंजाने ओढून घमेल्यांत भरला आणि लांब नेऊन टाकला. जिथे शंका आली तिथेही हात राखला नाही. वन्सं पाय धुऊन परत आल्या. झग्यात आता त्यांच्यासारखी अजून एक मावली असती. किती बारीक झाल्या होत्या! सुंदर दिसत होत्या, खरं सांगायचं तर. तेव्हा ते सांगायचं मला सुचलं नाही, म्हणून इथे सांगते.

त्यांनी दोनचार पावलं टाकली. गवत दबल्यासारखं झालं आणि पुन्हा वर आलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा माझा नवरा त्यांच्यापुढे पाठ करून वाकला. "बस."

"कुठे?"

"पाठीवर. चार पायांवर दोन माणसं चालली तर गवत कमी दबतं. दोन पायांवर दोन माणसं आली की दाबून बसतं. हिशेब आहे, ताई."

"या वयात? शोभतं का?"

"मी चालायला शिकलो तरी तू मला कडेवरून खाली ठेवत नव्हतीस. तेव्हा शोभलं?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसा. पडलात तर गवतातच पडाल."

त्या बसल्या. हे उठताना असे डुलले की मी देवाचं नाव घेतलं. मग एक पाऊल टाकलं. गवत खाली गेलं आणि खालीच राहिलं. दुसरं टाकलं. वन्संनी ह्यांच्या गळ्यात हात घातले होते आणि डोळे गच्च मिटले होते. "मागच्या वर्षी हे केलं असतं," मी म्हटलं, "तर मला मुरघासाबरोबर नवराही प्लास्टिकखाली झाकावा लागला असता." वन्सं हसायला लागल्या. त्या हसल्या तसं ह्यांनाही हसू आलं, आणि हसता हसता दोघं भिंतीला टेकले. पुन्हा निघाले. मी मळी शिंपडत मागे. ह्यांचे पाय लटपटत होते, चेहरा लालबुंद झाला होता, पण खाली ठेवतील तर शपथ. "बाळ्या, दमलास. उतरव मला." "नाही दमलो." "तुझं हाड न् हाड वाजतंय, मला ऐकू येतंय." "ते तुझंच असेल."

असे दोन थर झाले. मान वर करून बघते तर कुंपणापाशी इंजिन उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द निघत नव्हता. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं होतं.

हे थांबले. बहिणीला पाठीवर तसंच ठेवून त्याला म्हणाले, "ट्रॅक्टर आण. टायर धुऊन आण."

"ट्रॅक्टर?" वन्सं खाली उतरल्या. "म्हणजे मग मी..."

"तू खुर्चीवर बस."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही खुर्चीवर बस."

मी उताराशी सावलीत खुर्ची ठेवली आणि वन्सं तिच्यावर बसल्या. इंजिनने टायर धुतले, ह्यांनी एकेक खाच बोटाने तपासली, आणि उरलेला खड्डा ट्रॅक्टरने दाबून काढला. वन्संना बसवेना. दर पाच मिनिटांनी उठून कडेने बघायच्या, "इथे राहिलं, तिथे राहिलं," सांगायच्या, आणि इंजिन मुकाट्याने मागे-पुढे करायचा. संध्याकाळी प्लास्टिक ओढून टायर ठेवले. सकाळी त्या जायला निघाल्या तेव्हा पिशवीत ती बंडी रिकामी करून, घडी घालून ठेवलेली होती. मी मागून घेतली. नीट शिवलेल्या गोष्टी मला टाकवत नाहीत, म्हटलं. उशीचा अभ्रा करीन.

मुरघास पिकत राहिला. उघडायचा दिवस जवळ आला तसे हे फोनच्या आसपास घुटमळायला लागले. हातात घ्यायचे, ठेवायचे. शेवटी मीच लावून त्यांच्या कानाला चिकटवला.

"ताई," हे म्हणाले. मग, "खड्डा उघडतोय."

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं. "उघडायला किती माणसं लागतात?"

"एक."

"मग मी कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. हे वाक्य मला बोलायचं नव्हतं.

"नुसती ये," हे म्हणाले.

पलीकडे शिवणाचं मशीन चालू होतं, ते थांबलं. गिऱ्हाईक खोळंबल्याचं कारण आता येईल म्हणून मी वाट बघत होते. "बरं," वन्सं म्हणाल्या.

त्या आल्या त्या पाहुणीसारख्या. इस्त्रीचा, स्वतःच्या मापाचा नवा झगा, पायात बाहेर घालायच्या चपला. दरवेळी कामाचे जुने कपडे घालून यायच्या, त्यामुळे मला क्षणभर ओळखच पटली नाही. हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. ओट्याशी आल्या, मी बाहेर हाकललं. केरसुणी घेतली, मी काढून घेतली. शेवटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, चहा घेतला, मुलाचं पत्र आल्याचं सांगितलं, गिऱ्हाइकांच्या चुगल्या केल्या. मी भाजी चिरत हूं हूं म्हणत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझंच हूं चाललंय. मागे वळून बघितलं. वन्संची मान एका खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं, चपला पायातून सुटून इकडेतिकडे पडलेल्या. आणि त्या घोरत होत्या. परक्याच्या घरी माणूस असं घोरत नाही.

तेवढ्यात हे मागच्या दाराने आले. ओंजळीत मुरघास होता, पिवळसर हिरवा, ओलसर, आणि त्याचा आंबटगोड वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. बुरशीचं नावही नाही. आनंदाने ह्यांचा आवाज चढला होता. "अगं, भिंतीच्या कडेपर्यंत असाच निघालाय! ताई कुठे आहे? तिला दाखवायला..."

मी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीकडे खूण केली.

ते ओंजळ तशीच धरून उभे राहिले. बहिणीकडे बघत राहिले. कुजबुजत विचारलं, "उठवू का?"

"कशाला?" मी म्हटलं. "त्यांचं काय काम आहे?"

त्यांनी मान हलवली. मग पाय न वाजवता आले तसे मागे गेले, दार हळूच ओढून घेतलं, आणि गाईंना पहिला घास एकट्यानेच घातला.